रंग पाठ केलेला माणूस

जयराम आणि मी शेजारी. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. सातपूरच्या बाजूची ही कॉलनी, सगळी हातावर जगणारी माणसं. मी सळया बांधायचो. बांधकामावर त्याला फिटर म्हणतात. गुडघे गेले तेव्हा काम सोडलं. जयराम ऑफिसात खुर्चीवर बसायचा. खुर्चीवरच्या कामाला मी सहसा काम म्हणत नाही. त्याच्या कामाला म्हणतो. का, ते सांगतो.

इमारत उभी करायच्या आधी तिला किती विटा, किती सिमेंट, किती प्लास्टर लागेल ते नकाशावरून काढावं लागतं. ते काढणारा चुकला की माल कमी पडतो, नाहीतर साइटवर पडून राहतो. जयराम ते काढायचा. त्याच्या मापावर मी बऱ्याच इमारती बांधल्या. त्याने सांगितलेल्या सळया पुरायच्या आणि शेवटी हातभर लांबीचे तुकडे उरायचे. एवढंच उरायला पाहिजे.

त्याला लाल आणि हिरव्या रंगातला फरक दिसत नाही. जन्मापासून. दोन्ही त्याला मातकट दिसतात. गेल्या वर्षापर्यंत हे मला माहीत नव्हतं. ऑफिसात कोणालाच नव्हतं. त्याची बायको यशोदा, तिला शंका होती. पण तिने विचारलं की तो विषय बदलायचा.

लहानपणी ते वणीजवळ राहायचे. आई, सुलाबाई, टोमॅटो खुडायला जायच्या. जयरामला बरोबर न्यायच्या. त्याच्या पाटीत पिकलेले आणि कच्चे सारखेच पडायचे. मुकादमाने पाटी सगळ्या बायांसमोर ओतली आणि दाखवली. सुलाबाईंनी तिथेच त्याच्या पाठीत दिली. त्यांना वाटलं पोरगं कामचुकार आहे, हाताला येईल ते तोडतंय. जयराम दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक टोमॅटो दाबून बघायला लागला. मऊ लागला की तोडायचा. चूक थांबली, पण हात मंदावला. मग त्याला खुडण्यावरून काढून क्रेट उचलायला लावलं.

"तेव्हाच ठरवलं, दादा," त्याने मला सांगितलं. "कोणाला विचारायचं नाही. पाठ करायचं."

त्याने पाठ केलं. सिग्नलला वरचा दिवा थांबायचा, खालचा निघायचा. घरातल्या कोणत्या साडीला कोणता काठ, तो काठ कोणत्या रंगाचा. दुकानात कपडा घ्यायचा तर दुकानदाराच्या तोंडून रंग वदवून घ्यायचा आणि मग आपणच पहिल्यांदा म्हटल्यासारखं म्हणायचा. यात त्याने किती कष्ट घातले ते मोजता येत नाहीत. सळई बांधणाऱ्याला संध्याकाळी हात खाली ठेवता येतात. याला ती सोय नव्हती.

आयटीआयला तो ड्राफ्ट्समन झाला. त्या काळात त्याला अडचण आली नाही. नकाशे ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईने काढायचे आणि त्यांच्या अमोनियाच्या प्रिंट निघायच्या. सगळ्या रेघा एकाच रंगाच्या. जाडी वेगळी, तुटकपणा वेगळा. जयरामची नजर त्यात कोणालाही हार जायची नाही. कॅनडा कॉर्नरजवळच्या ज्या ऑफिसात तो लागला, तिथेच राहिला. पुढे कॉम्प्युटरवर नकाशे आले, तेव्हाही त्याने निभावून नेलं. तिथे भिंती, दारं, पाइप यांचे वेगळे थर असतात आणि प्रत्येक थराला नाव असतं. रंग नाही कळला तरी नाव वाचता येतं.

जुने साहेब गेले. मुलगा राकेश बसायला लागला. शिकलेला, बोलायला नीट. त्याने मोजमापाचं सॉफ्टवेअर आणलं. जयरामने मला एकदा घरी लॅपटॉपवर दाखवलं. नकाशा पडद्यावर उघडतो. आधी त्याला प्रमाण शिकवायचं. ज्या भिंतीची लांबी नकाशात लिहिलेली आहे, तिच्या दोन टोकांवर टिचकी द्यायची आणि लांबी टाकायची. मग बाकी भिंतींवरून माउस फिरवत जायचं. कोपऱ्यात टिचकी, पुढच्या कोपऱ्यात टिचकी. लांबी, क्षेत्रफळ, विटा, सगळं बाजूला लिहून येतं. मी एका खोलीच्या भिंती स्वतः मोजून पाहिल्या. आम्हाला टेप लावून जेवढा वेळ जायचा तेवढ्यात त्याचा मजला झाला असता.

पण हे सॉफ्टवेअर रंगावर चालतं. विटांच्या भिंतीला एक रंग द्यायचा, काँक्रीटला दुसरा, तोडायच्या भिंतीला तिसरा. मोजलेल्या भागावर तो रंग पसरतो आणि कुठलं झालं, कुठलं राहिलं ते दिसतं. ज्याला दिसतं त्याला.

जयरामने वाट काढली. रंगाच्या जागी रेघा भरायची सोय त्यात होती. तोडायच्या भिंतीला तिरप्या रेघा, ठेवायच्या भिंतीला ठिपके, नव्या भिंतीला चौकड्या. शेजारच्या टेबलावर चैताली बसायची. ती आमच्याच कॉलनीतली, दोन गल्ल्या सोडून. तिला तिथे जयरामनेच लावलं होतं आणि काम त्यानेच शिकवलं होतं.

"काका, तुमचा नकाशा म्हणजे गोधडी झालीये," ती म्हणायची.

"गोधडीत ऊब असते."

"आणि माझ्या डोळ्यांची वाट लागते त्याचं काय? रंग भरा की सरळ."

"रंग तू भर. तुझं लग्न व्हायचंय अजून."

असं हसण्यावर चाललं होतं. मग राकेशने नियम केला. रेघा बंद. पार्टी, म्हणजे काम देणारा मालक, नकाशा मोबाइलवर बघते, तिथे रेघांचा काळा गोळा होतो. सगळ्यांनी ठरलेलेच रंग वापरायचे. जुन्या इमारतीचं काम असेल तर तोडायचं ते लाल, ठेवायचं ते हिरवं. साइटवरही हीच पद्धत आहे. मिस्त्री लाल दिसलं की तोडतो, हिरव्याला हात लावत नाही. बाकी काही वाचायच्या भानगडीत पडत नाही, कारण बाकी सगळं इंग्रजीत असतं.

जयराम तेव्हाच बोलला असता तर, असं आता सगळे म्हणतात. तो बोलला नाही. पन्नाशी ओलांडलेला माणूस. त्या टेबलाशिवाय त्याला दुसरं काही येत नव्हतं. ज्या कामात रंगच बघायचे, त्या कामावर रंग न दिसणारा माणूस कोण ठेवील? त्याने नेहमीचंच केलं. पाठ केलं. सॉफ्टवेअरमध्ये रंगांची एक पट्टी येते, छोट्या चौकोनांची. लाल पहिला चौकोन, हिरवा शेवटचा. पहिला तोडायचा, शेवटचा ठेवायचा. एवढं धरून तो काम करत राहिला आणि कोणाला काही कळलं नाही.

मखमलाबाद रोडला एक जुनं मंगल कार्यालय होतं. ते आतून बदलून दवाखाना करायचा होता. काही भिंती काढायच्या, काही ठेवायच्या. मोजमाप जयरामकडे आलं. त्याच सुमारास सॉफ्टवेअरचं अपडेट झालं. त्यात ती रंगांची पट्टी उलटी झाली. हिरवा पहिला आला, लाल शेवटी गेला. ज्याला दिसतं त्याला याचं काही नाही, तो बघून निवडतो. जयरामने पहिला चौकोन दाबला आणि तोडायच्या भिंती भरल्या. शेवटचा दाबला आणि ठेवायच्या भरल्या.

मापं बरोबर होती. नकाशाच्या खाली कोपऱ्यात कुठला रंग कशाचा ते सॉफ्टवेअर आपोआप लिहितं, तेही बरोबर होतं. हिरवं म्हणजे तोडायचं, असं तिथे इंग्रजीत लिहिलेलं होतं. चैतालीने तपासलं. तिने आकडे ताडून पाहिले, आकडे जुळले, तिने साइटवर पाठवून दिलं. आधी तो गोधडी करायचा आणि आता रंग भरतो, एवढंच तिच्या लक्षात आलं. तिला बरं वाटलं.

साइटवर सावळीराम मिस्त्री होता. माझ्याबरोबर अनेक वर्षं काम केलेला. पेठकडचा माणूस, सावध. त्याने रंगीत प्रिंट भिंतीला चिकटवली आणि लाल भिंतीला ब्रेकर लावला.

"मला वाटलं लय जाड भिंत हाय, ही का काढत्यात," तो नंतर मला म्हणाला. "पण कागदावर लाल. कागदापुढं आपुन काय बोलनार, दादा?"

ती भिंत वरच्या स्लॅबचं ओझं घेणारी होती. अर्धी निघाली तेव्हा स्लॅबला तडा गेला. सावळीरामने ओरडून माणसं बाहेर काढली आणि हाताला लागतील ते टेकू लावले. लंकाबाई नावाची बाई मलब्याचं घमेलं उचलायला वाकली होती. वरून प्लास्टरचा तुकडा तिच्या उजव्या हातावर पडला. हाताची हाडं मोडली. सांधली, पण मूठ पूर्ण वळत नाही. घमेलं उचलणाऱ्याला मूठ लागते.

जयराम त्या संध्याकाळी माझ्याकडे आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला. यशोदाने त्यांच्या घरातून दोनदा हाक मारली, तो उठला नाही. तिथे त्याने मला सगळं सांगितलं. टोमॅटोपासून.

"माझ्यामुळे झालं," तो म्हणाला.

"ऑफिसात काय म्हणतायत?"

"चैतालीचं नाव आलंय. तपासणारी ती. राकेशसाहेब म्हणतात, मुलीचं लक्ष नव्हतं. तिला काढतील."

"आणि तुझं?"

"माझं नाव कोणी घेतलंच नाही. इतक्या वर्षांत माझी चूक निघालेली नाही. त्यांना वाटतं माझी असणारच नाही."

 काय करायला पाहिजे ते त्याला माहीत होतं. ते केलं की त्याचं टेबल जाणार, हेही माहीत होतं. दोन्ही माहीत असलेल्या माणसाला सल्ला द्यायचा नसतो.

सकाळी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात आला. "चला माझ्याबरोबर. एकटा गेलो तर खालूनच परत फिरेन."

ऑफिसला लिफ्ट नाही. माझ्या गुडघ्यांनी तो जिना चढायला वेळ लागला. जयराम माझ्यासाठी प्रत्येक वळणावर थांबला. घाई त्याला नव्हतीच.

राकेश आत होता. चैतालीला समोर उभं केलं होतं. तिचे डोळे सुजलेले. मला बघून तिने मान खाली घातली.

"काका, बरं झालं आलात," राकेश म्हणाला. "तुम्हीच समजवा हिला. मी ओरडलो नाहीये."

"तिचं काही नाही. रंग मी उलटे भरले."

"तुम्ही कसे भराल?"

"मला लाल-हिरवं कळत नाही. जन्मापासून."

राकेश त्याच्याकडे बघत राहिला. मग थोडा हसला. वाईट हसला नाही, कोणी खोटं बोललं पण चांगल्या कारणासाठी बोललं तर आपण हसतो तसा. "काका, तिला तुम्ही लावलंत, कबूल. पण एवढं?"

"खरं सांगतोय."

"पप्पांच्या वेळेपासून तुम्ही इथे नकाशे करताय. मी तुमच्या हाताखाली शिकलो." त्याने टेबलावरची एक फाइल उचलली. "ही कोणती?"

"लाल."

"बघा."

"ती लाल आहे हे मला माहीत आहे. टेंडरच्या फायली लाल. तुमच्या वडिलांनी ठरवलं होतं."

"ही खुर्ची?"

"हिरवी. मागच्या दिवाळीला कापड बदललं तेव्हा माणूस म्हणाला होता."

मागे दोघंजण हसले. राकेशने स्वतःच्या शर्टाला हात लावला. "आणि हा?"

जयरामने शर्टाकडे पाहिलं. तो शर्ट नवा असावा. "माहीत नाही," तो म्हणाला.

"आता मुद्दाम करताय, काका."

मी फिटर माणूस. ऑफिसात कधी तोंड उघडलं नाही. तिथेही उघडून उपयोग नव्हता. मला समोर दिसत होतं काय होतंय ते. त्याने लपवायचं काम इतकं चोख केलं होतं की आता त्याचाच शब्द कोणी घेत नव्हतं. बरोबर सांगितलं की, बघा दिसतंय. नाही सांगितलं की, नाटक करताय. माणसाने आयुष्यभर बांधलेली वस्तू पक्की निघाली आणि तिचीच दारं उघडेनात, असं मी पहिल्यांदा पाहिलं.

राकेशने चैतालीला घरी पाठवलं. पुढच्या आठवड्यात बघू, म्हणाला.

जिन्यात ती जयरामला म्हणाली, "काका, माझ्यासाठी खोटं कशाला बोललात? आता तुमच्यावर पण डाग."

तिचाही विश्वास बसला नव्हता.

जयराम घरी आला नाही. तो तसाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेला, मला घेऊन. तिथे तपासणीसाठी एक पुस्तक असतं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचे गोल आणि त्या ठिपक्यांत आकडा लपवलेला. डॉक्टरीणबाईंनी पहिलं पान धरलं. ते सगळ्यांनाच दिसतं, तो आकडा त्याने वाचला. पुढचं पान धरलं. तो बघत राहिला. मला बाजूच्या स्टुलावरून चष्म्याशिवायही आकडा दिसत होता. बाईंनी पान उलटलं. मग अजून एक. तो डोळे बारीक करत होता, मान वाकडी करत होता, पुस्तक जवळ मागत होता. परीक्षेत पास व्हायचं असल्यासारखा झटत होता. नापास व्हायला आलोय हे तो विसरला होता.

"काका, जोर लावू नका," बाई म्हणाल्या. "ताकदीने दिसत नाही ते."

त्यांनी सर्टिफिकेट लिहून दिलं. औषध आहे का, असं त्याने विचारलं नाही. मी विचारलं. नाही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो कागद त्याने राकेशच्या टेबलावर ठेवला. या वेळी त्याने मला खाली थांबायला सांगितलं. वर काय झालं ते त्याच्या तोंडून कळलं. राकेशने कागद दोनदा वाचला आणि चैतालीला तिथूनच फोन करून उद्यापासून ये म्हणून सांगितलं. 

"काका, आधी सांगायचं होतंत."

"आधी सांगितलं असतं तर ठेवलं असतंत?"

 राकेशने पंख्याचा वेग कमी केला, कागद उडत होता म्हणून. त्यानंतर तो म्हणाला की आता विमावाले, पार्टी, सगळे विचारणार, आणि माझा नाइलाज आहे. जयराम हो म्हणाला. टेबलाच्या खणातून त्याने आपली जुनी मोजपट्टी घेतली, तीन धारांची, आणि खाली आला.

"झालं," एवढंच म्हणाला.

लंकाबाईला भेटायला तो गेला होता. पेठ रोडला तिची झोपडी आहे. ती त्याला ओळखत नव्हती. तो कोण, त्याचा काय संबंध, हे सांगायला त्याला फार वेळ लागला असणार. तिने डाव्या हाताने चहा केला आणि म्हणाली, "तुमी येऊन सांगितलं तरी, बाकीचं कोन आलं नाय." त्याला यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

दुसरीकडे काम मिळालं नाही. नाशिकमध्ये या धंद्यातली माणसं थोडी. दोन ठिकाणी बोलावलं, चहा दिला, नंतर कळवतो म्हणाले. कामात तो तसाच होता. नजर तीच, माप तेच. पण आधी जी गोष्ट कोणालाच माहीत नव्हती, ती आता त्याच्याआधी पोचत होती. चैताली अजून अधूनमधून येते. एकदा तिने जिद्दीने काळ्या-पांढऱ्या प्रिंट आणल्या.

"काका, रंग नाहीच यात. तपासून द्या. साहेबांना सांगणार नाही."

"म्हणजे पुन्हा लपवायचं," तो म्हणाला आणि कागद गुंडाळून तिच्या हातात दिले. तिला वाईट वाटलं. पण तो रागाने बोलला नव्हता.

कॉलनीत आता सगळ्यांना माहीत आहे. माणसं वाईट नाहीत, पण त्यांना गंमत वाटते. नळावर बाया विचारतात, भाऊजी, ही साडी कोणती? पोरं बॉल दाखवतात. आधी तो सांगायचा, आणि बहुतेक बरोबर सांगायचा, कारण पाठ होतं सगळं. लोक म्हणायचे, अरे, याला तर दिसतं. हळूहळू त्याने सांगणं सोडलं. यशोदा सांगते की घरातही तो कपड्यांना हात लावत नाही. तिचीच साडी दोरीवरून आणायला सांगितली तर म्हणतो, कुठली ते तूच बघ.

परवा कॉलनीतल्या बुद्धविहाराच्या कुंपणाला रंग द्यायचं काम होतं. सगळे हातभार लावत होते. मला वाकता येत नाही म्हणून मी डबे ढवळत बसलो होतो. जयराम माझ्या शेजारी. रवी नावाचा एक जण, रंगारी, गमत्या माणूस, त्याने डबा उघडून पुढे धरला.

"जयरामभाऊ, हा कोणता, सांगा बघू."

डब्यात निळा रंग होता. निळा त्याला लहानपणापासून स्वच्छ दिसतो, डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या होत्या. त्याने डब्यात पाहिलं.

"माहीत नाही," तो म्हणाला.

रवी हसला, बाकीचेही हसले. मी जयरामकडे बघत होतो. त्याने ब्रश उचलला नाही. हात मांडीवर ठेवून तो बसून राहिला.